कुंडीआडचा माणूस

गेल्या महिन्यात या सदरात मी ओघात लिहून गेले, की न्यूयॉर्कमधल्या ज्या दुकानात मी एकोणीस वर्षं व्हिडिओ फितींच्या प्रती काढल्या, तिथे समलिंगी मंडळींनी स्वतः बनवलेले केबलवरचे कार्यक्रम माझ्या हाताखालून गेले, ‘आणि काही मी पुसलेही’. त्याच लेखात केबलवर कुणीही कार्यक्रम लावू शकायचं, टीव्हीने एड्सची बातमी उशिरा दिली आणि चालू बातमीपत्रात घुसणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, असंही लिहिलं होतं. त्या चार शब्दांवर आणि या बाकीच्यावरही इतकी पत्रं आली की संपादकांनी हा अख्खा महिना त्यांनाच देऊन टाकला. काही पत्रं रागाची आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते, टाळत नाहीये.

प्र. ताई, मी पत्रकारिता शिकते. अमेरिकेतल्या टीव्हीने समलिंगी माणसांना आधी कसं दाखवलं, यावर प्रकल्प करायचाय. सुरुवात कुठून करू?

उ. १९६७ पासून कर, मग मागे जा. ७ मार्च १९६७ ला सीबीएस या मोठ्या वाहिनीने ‘द होमोसेक्शुअल्स’ नावाचा तासाभराचा कार्यक्रम दाखवला. निवेदक माइक वॉलेस. त्यात एक माणूस आपली हकीकत सांगतो आणि त्याच्या तोंडासमोर कुंडीतलं झाड आहे. आवाज स्वच्छ, बोलणं मुद्देसूद आणि चेहऱ्याच्या जागी पानं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा नाही आलं. चेहरा लपवायचे किती तरी मार्ग असतात. पाठमोरं बसवता येतं, दिवा मागे ठेवून नुसती आकृती दाखवता येते. झाडाआड बसवलेला माणूस मात्र दबा धरून बसल्यासारखा दिसतो. तो तोंडाने काहीही सांगो, पाहणाऱ्याचं मत पानांनी आधीच बनवलेलं असतं.

त्याच कार्यक्रमात एक तरुण उघड्या चेहऱ्याने बोलतो. आपण आजारी नाही, असं कॅमेऱ्यात बघून सांगतो. पडद्यावर त्याचं नाव वॉरन अ‍ॅडकिन्स. खरं नाव जॅक निकल्स. वडील एफबीआयमध्ये, म्हणून नाव बदललेलं. चेहरा द्यायचा तर नाव राखायचं, असा तो सौदा होता. तरी दुसऱ्या दिवशी हॉटेलातली नोकरी गेलीच. आणि वॉलेस महाशय सांगतात की सर्वसाधारण समलिंगी पुरुषाला टिकाऊ नात्यात रस नसतो आणि ते त्याला जमतही नाही. पुढे त्यांना त्याचा पस्तावा झाला. हा सगळा आजार आहे असं ठासून सांगणारे मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स सोकॅरिडीस याच कार्यक्रमात आहेत. त्यांचा मुलगा रिचर्ड पुढे स्वतः उघडपणे गे म्हणून जगला आणि क्लिंटन यांच्या व्हाइट हाउसमध्ये याच विषयाचा सल्लागार झाला. हे वाक्य प्रकल्पात घालू नकोस, तुझ्या बाई गावगप्पा म्हणून काट मारतील. मला मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता सहा वर्षं मागे जा. ११ सप्टेंबर १९६१, सॅन फ्रान्सिस्कोची केक्यूइडी ही छोटी वाहिनी, कार्यक्रमाचं नाव ‘द रिजेक्टेड’. मार्गारेट मीड मानववंशशास्त्राच्या बाजूने बोलतात, वकील बोलतात, मॅटाशीन सोसायटी या समलिंगींच्या संघटनेची माणसं स्वतःची बाजू मांडतात. स्वर शांत. मोठ्या वाहिनीपेक्षा सहा वर्षं आधीचा आणि जास्त समंजस. तेव्हा प्रकल्पात ‘हळूहळू समाज सुधारत गेला’ अशी सरळ चढती रेघ काढू नकोस. प्रत्येक दृश्यापुढे एक रकाना ठेव: उजेड कुठून येतोय. बाकीचं आपोआप सुचेल.

प्र. केबलवर ‘कुणीही’ कार्यक्रम लावू शकायचं असं तुम्ही लिहिलंत. मी आयुष्यभर तारा आणि खांब यांतच काम केलं आहे, म्हणून विचारतो: खर्च कोण करायचं, आणि कंपनी का ऐकायची?

उ. तुमच्यासारख्या माणसाला हे चटकन कळेल. केबल कंपनीला शहराचे रस्ते खणून तार टाकायची होती. रस्ते शहराचे, म्हणून शहराने अट घातली: रस्ता हवा, तर काही वाहिन्या लोकांसाठी मोकळ्या सोडा. मॅनहॅटनमध्ये जुलै १९७१ पासून अशा वाहिन्या सुरू झाल्या. फीत घेऊन या, नाव नोंदवा, पाळी येईल तेव्हा लागेल. जाहिरात नाही, भाडंही नाही. दुसरा प्रकार भाड्याच्या वेळेचा. तिथे तासाचे पैसे मोजायचे आणि जाहिराती घेऊन ते भरून काढायचे. १९७७ मध्ये ‘एमराल्ड सिटी’ हा न्यूयॉर्कच्या समलिंगी जगाचा कार्यक्रम केबलवर आला. १९८२ मध्ये लू मलेटा यांनी ‘गे केबल नेटवर्क’ काढलं.

नेटवर्क हा शब्द ऐकून मोठी इमारत डोळ्यांपुढे आणू नका. थोडी माणसं, थोडी यंत्रं आणि झोपेचं खोबरं. पण त्यांचे कॅमेरे १९८४ पासून राजकीय पक्षांच्या राष्ट्रीय अधिवेशनांत जात होते. नेत्यांसमोर माइक धरून, एड्सबद्दल तुमचा पक्ष काय करणार, असं विचारत होते. त्यांच्या बातम्यांच्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘प्राइड अँड प्रोग्रेस’. पुढे त्यातूनच ‘गे यूएसए’ झाला. अँडी हम आणि अ‍ॅन नॉर्थ्रप त्याचे निवेदक. या नॉर्थ्रपबाई आधी सीबीएसच्या सकाळच्या बातम्यांत निर्मात्या होत्या, म्हणजे घर कुठून पोखरायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २००१ मध्ये नेटवर्क थांबलं आणि २००९ मध्ये त्या फिती न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात गेल्या.

त्याच नेटवर्कवर प्रौढांच्या सिनेमांविषयीही एक कार्यक्रम असे. तो आठवला की सभ्य मंडळी नाक मुरडतात. मी नाही मुरडत. जिथे पैसा कमी, तिथे लोक काय बघायला थांबतात हेही पाहावं लागतं. आणि त्याच लोकांना आजारापासून कसं वाचायचं हेही सांगायचं होतं.

तुम्ही तंत्राचे म्हणून एक गंमत. त्या फिती पाऊण इंची यू-मॅटिक जातीच्या. खांद्याला अडकवायच्या यंत्रात छोटी कॅसेट बसायची, ती २० मिनिटांची. त्यामुळे रस्त्यावरच्या जुन्या मुलाखती पाहिल्यात तर विसाव्या मिनिटाच्या आसपास माणूस ऐन रंगात आलेला असतो आणि चित्र जातं. पुढची फीत सुरू होते तेव्हा तोच माणूस सिगारेट पेटवून शांत झालेला असतो. रडू, राग, कबुली, जे काय असेल ते त्या मधल्या दोन मिनिटांत होऊन गेलेलं. आमच्याकडे याला ‘विसावं मिनिट’ म्हणायचे.

प्र. एड्सची बातमी टीव्हीने उशिरा दिली, हा तुमचा आरोप मला पटत नाही. मी डॉक्टर आहे. तेव्हा आम्हालाच काही उमगलं नव्हतं, तर वृत्तनिवेदकाला काय उमगणार?

उ. डॉक्टरसाहेब, आजार उमगला नव्हता हे मान्य. पण बातमी द्यायला आजार उमगावा लागत नाही, माणसं मरताहेत एवढं कळलं तरी पुरतं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन झालं आणि गूढ तापाने २९ जण गेले. जंतू सापडायला पुढचं वर्ष उजाडलं. बातम्या मात्र त्याच आठवड्यापासून धो धो.

आता या आजाराच्या तारखा बघा. ५ जून १९८१ ला अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद आली. ३ जुलैला न्यूयॉर्क टाइम्सने आतल्या पानावर ४१ समलिंगी पुरुषांना झालेल्या विरळा कर्करोगाची बातमी दिली. एनबीसीच्या रात्रीच्या बातम्यांत टॉम ब्रोकॉ यांच्या तोंडून हा विषय निघाला तो १७ जून १९८२ ला. वर्ष उलटून गेलं होतं. त्याच सालच्या शरद ऋतूत शिकागोच्या परिसरात कुणी तरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये विष घातलं, सात जण मेले आणि देशभरचे पडदे दुसरं काही दाखवेनात. त्यात चूक काहीच नव्हती. ज्याच्या त्याच्या घरात टायलेनॉल होतं. इथे मात्र मरणारे कुणाच्या घरातले नव्हतेच, असं धरून चाललं होतं. त्याच ऑक्टोबरमध्ये व्हाइट हाउसच्या पत्रकार परिषदेत एकाने या आजाराबद्दल विचारलं, तर प्रवक्त्याने थट्टा केली आणि खोलीत हशा पिकला. हसण्यात पत्रकारही होते.

मग २५ जुलै १९८५ ला हॉलिवूडचा नट रॉक हडसनला एड्स असल्याचं जाहीर झालं. त्या आठवड्यात आमच्या दुकानात रात्रपाळी दुप्पट केली होती. स्ट्रेचरवरून नेतानाचं ते दृश्य मी इतक्या प्रतींवर उतरवलं, की चादरीची घडी कुठे आहे ते अजून सांगेन. एकदम सगळ्यांना हडसनचा चेहरा हवा होता. आधीच्या चार वर्षांत मेलेल्यांपैकी एकाचाही चेहरा कुणी असा मागायला आलं नव्हतं.

माझा खरा आक्षेप मात्र तारखांपेक्षा सर्वनामावर आहे. ‘सर्वसाधारण जनतेला धोका आहे का?’ हा मोठ्या वाहिन्यांचा लाडका प्रश्न. इंग्रजीत ‘वी’ म्हटलं की भागतं, ऐकणारा आत की बाहेर हे झाकलेलं राहतं. मराठीत झाकता येत नाही. तिथे ‘आम्ही’ म्हणायचं की ‘आपण’, हे ठरवावंच लागतं. मी त्या बातम्या ऐकताना मनातल्या मनात मराठी करायचे (परदेशात एकटीने काम करणाऱ्या बाईला असले चाळे लागतात), आणि दर वेळी ‘आम्ही’च बसायचं. आम्हाला धोका आहे का, तुमच्यापासून? याउलट गे मेन्स हेल्थ क्रायसिस या संस्थेचा ‘लिव्हिंग विथ एड्स’ नावाचा केबलवरचा कार्यक्रम होता. जीन कार्लोमस्टो आणि ग्रेग बोर्डोविट्झ त्यात काम करायचे. त्यातले लोक सांगायचे की निरोध असा वापरायचा, अमक्या औषधाची चाचणी चालू आहे, घरमालक हाकलत असेल तर असा अर्ज करायचा. त्याचं मराठी करताना आपोआप ‘आपण’ यायचं.

प्र. मी निवृत्त वृत्तनिवेदक. चालू बातमीपत्रात घुसणाऱ्यांचं तुम्ही कौतुक करता, हे मला खटकलं. निवेदकाचा काय दोष? समोर अचानक माणूस येऊन उभा राहिला तर काय होतं, तुम्हाला कल्पना नाही.

उ. कल्पना नाही, खरंच. आणि निवेदकाचा दोष नसतो, हेही खरं. तीन प्रसंग सांगते, मग तुम्हीच ठरवा.

११ डिसेंबर १९७३. वॉल्टर क्रॉन्काइट सीबीएसवर बातम्या देताहेत. मार्क सीगल नावाचा तरुण विद्यार्थी-वार्ताहर असल्याची बतावणी करून स्टुडिओत आलेला. तो कॅमेऱ्यासमोर जाऊन क्रॉन्काइट यांच्या टेबलावर बसला. हातात फलक: ‘सीबीएसच्या पूर्वग्रहाचा समलिंगींकडून निषेध’. तंत्रज्ञांनी त्याला धरून वायरने बांधलं, पडदा काळा झाला. पडदा परत आला तेव्हा क्रॉन्काइट यांनी घडलं ते स्वतःच सांगितलं. पुढे कोर्टात खटला चालला, सीगलला दंड झाला. पण तिथेच मधल्या वेळेत क्रॉन्काइट यांनी त्याला गाठून विचारलं, की बाबा रे, का केलंस? सीगलने तुमच्या बातम्यांत आमचं काय काय गाळलं जातं ते सांगितलं. १९७४ च्या मे महिन्यात सीबीएसच्या त्याच बातमीपत्रात समलिंगींच्या हक्कांवर वृत्तांत आला. दोघांची पुढे मैत्री झाली. आणि एक योगायोग: त्या घुसखोरीनंतर चारच दिवसांनी, १५ डिसेंबरला, अमेरिकी मानसोपचार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली.

दुसरा प्रसंग लंडनचा. २३ मे १९८८, बीबीसीची सहाची बातमी. दुसऱ्या दिवशीपासून ‘कलम २८’ लागू होणार होतं. स्थानिक प्रशासनाने समलैंगिकतेला ‘उत्तेजन’ देऊ नये, असा तो कायदा. काही लेस्बियन कार्यकर्त्या आत घुसल्या, एकीने स्वतःला कॅमेऱ्याशी बांधून घेतलं. सू लॉली बातम्या वाचत राहिल्या आणि शेजारी निकोलस विचेल यांनी एका बाईंना अक्षरशः दाबून धरलं. लॉलीबाईंचा आवाज ढळला नाही. व्यावसायिक म्हणून मला त्यांचं कौतुकच आहे. पण त्या चित्रात एक गोष्ट आहे, ती पाहून घ्या: बातमी टेबलाखाली होती आणि टेबलावर दुसरंच काही वाचलं जात होतं.

तिसरा २२ जानेवारी १९९१ चा. आखाती युद्ध सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. डॅन रादर सीबीएसवर बातम्या सुरू करतात तोच ‘अ‍ॅक्ट अप’ या एड्ससाठी लढणाऱ्या संघटनेची माणसं आत. ‘एड्सशी लढा, अरबांशी नको!’ क्षणभर चेहरा दिसतो, मग पडदा काळा. त्याच संध्याकाळी पीबीएस या सार्वजनिक वाहिनीच्या बातम्यांतही ते शिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रँड सेंट्रल स्टेशन भरून टाकलं आणि फुग्यांना बांधून फलक वर सोडला, की पैसा एड्ससाठी हवा, युद्धासाठी नको.

माझं मत विचारलंत म्हणून: क्रॉन्काइट यांनी जे केलं तेवढंच मला निवेदकाकडून हवंय. घाबरा, चिडा, पोलिसांत द्या. पण नंतर एकदा विचारा, का आलास?

प्र. माझे यजमान म्हणतात, टीव्हीवर एवढं दाखवल्यामुळेच हे सगळं वाढलं. त्यांना काय सांगू?

उ. कुंडीआडच्या माणसाने १९६७ च्या आधी टीव्हीवर कुणाला बघून ठेवलं होतं, तेवढं विचारा.

प्र. तुमच्या लेखात बायका कुठे आहेत? आणि गोऱ्यांखेरीज कुणाला हा आजार झालाच नाही का?

उ. कान धरलात, बरं झालं. जानेवारी १९८८ च्या ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात एका डॉक्टरने लिहिलं, की स्त्री-पुरुषांच्या नेहमीच्या संबंधांतून बायकांना या रोगाचा जवळजवळ धोका नाही. अ‍ॅक्ट अपच्या बायका त्या डॉक्टरला जाऊन भेटल्या, मग मासिकाच्या दारात मोर्चा नेला. कार्लोमस्टो आणि मारिया मॅजेंटी या दोघींनी त्या सगळ्याची फिल्म केली. रोगाच्या सरकारी व्याख्येतच बायकांचे आजार नव्हते. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्यात आला १ जानेवारी १९९३ पासून. तोवर अशा आजाराने बाई मेली तरी कागदोपत्री एड्सने मेलेली नसायची, आणि कागदावर नसली तर उपचाराच्या मदतीतही नसायची. ही बातमी कुठल्याही वाहिनीला सहज करता आली असती. चेहरा लपवायचीही गरज नव्हती, नुसता नियम वाचून दाखवायचा होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मार्लन रिग्ज यांनी दिलं. काळ्या समलिंगी पुरुषांविषयीची त्यांची ‘टंग्ज अनटाइड’ ही फिल्म १९९१ च्या जुलैत पीबीएसच्या ‘पीओव्ही’ मालिकेत लागायची होती. अनेक स्थानिक केंद्रांनी दाखवायलाच नकार दिला, काहींनी मध्यरात्रीनंतर ढकलली. लगेच पुढच्या महिन्यात त्याच मालिकेतून सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमधल्या एड्स-आंदोलनावरची फिल्म काढून टाकली. रिग्ज स्वतः एप्रिल १९९४ मध्ये एड्सने गेले. वय ३७.

प्र. मावशी, मी एकवीस वर्षांचा आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. तिच्याबरोबर बसून बघता येईल असं जुनं काही सुचवशील?

उ. आधी नावाजलेल्या गोष्टी बाजूला काढते. ११ नोव्हेंबर १९८५ ला एनबीसीवर ‘अ‍ॅन अर्ली फ्रॉस्ट’ लागली. एड्सवरची ती पहिली मोठी टीव्ही-फिल्म, सुमारे ३ कोटी ४० लाख लोकांनी पाहिली. जाहिरातदार पळाल्याने वाहिनीला साधारण पाच लाख डॉलरचा फटका बसला. वकील मुलगा घरी येऊन आईवडिलांना एकदम दोन गोष्टी सांगतो: मी गे आहे आणि मला एड्स आहे. चांगली आहे, पण तुझ्या कामाची नाही. आईच्या डोक्यात या दोन गोष्टी एका दावणीला बांधल्या जाऊ नयेत. ‘एलन’ या विनोदी मालिकेचा ३० एप्रिल १९९७ चा भाग, ज्यात नायिका आपण समलिंगी असल्याचं सांगते, हलकाफुलका आहे. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी पाहिला. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या केंद्राने तो दाखवायचं नाकारलं, तर गावातल्या लोकांनी सभागृह घेऊन उपग्रहावरून उतरवून एकत्र बघितला. पण विनोद सगळे तिकडचे, आईला समजावत बसशील आणि रंग जाईल.

मी असते तर ‘द रिअल वर्ल्ड’ची सॅन फ्रान्सिस्कोची मालिका लावली असती. एमटीव्ही, १९९४. सात अनोळखी तरुण एका घरात. त्यातला पेद्रो झामोरा लहानपणी क्यूबाहून बोटीने आलेला, एचआयव्ही झालेला, शाळांतून जाऊन मुलांना त्याबद्दल सांगणारा. तो घरात काय करतो? दुसऱ्या मुलाने पीनट बटरच्या बरणीत बोट घातलं म्हणून वैतागतो. फोनवर बोलतो. शॉन सॅसर नावाच्या मित्राच्या प्रेमात पडतो आणि त्याच घरात, कॅमेऱ्यासमोर, दोघं एकमेकांना अंगठ्या घालतात. कुठेही पानं नाहीत, सावली नाही. शेवटचा भाग लागला आणि दुसऱ्याच दिवशी, ११ नोव्हेंबर १९९४ ला, पेद्रो गेला. बावीस वर्षांचा होता. हे आईला आधी सांगू नकोस, तूही पुढचं शोधत बसू नकोस. तिला तो मुलगा आधी आवडू दे. बरणीचा प्रसंग आला की ती कुणाची बाजू घेते बघ. माझ्या माहितीतल्या सगळ्या आया पेद्रोची घेतात.

तिला सांगायचं की नाही आणि कधी, हे तू विचारलेलं नाहीस, म्हणून मीही बोलत नाही.

प्र. तुम्ही फिती पुसल्यात. का? आणि हे इतक्या सहज कसं लिहिता? (असं विचारणारी नऊ पत्रं, एकात ‘गुन्हेगार’ हा शब्द)

उ. आमच्या मालकाचा नियम होता: गिऱ्हाईक ९० दिवसांत फीत न्यायला आलं नाही, तर ती पुसून कोरी म्हणून वापरायची. कोरी फीत महाग होती. पुसायचं यंत्र म्हणजे टेबलावर ठेवलेला मोठा विद्युतचुंबक. कॅसेट त्यावर गोल फिरवायची, पालथी करायची, पुन्हा गोल. अर्ध्या मिनिटाचं काम. शुक्रवारी दुपारी माझ्याकडे असायचं.

१९८६ ते १९९० या काळात न नेलेल्या फिती वाढल्या. एका रांगेवर एकाच माणसाचं अक्षर, हिरव्या शाईने. निरनिराळ्या सभा, मोर्चे, कुणाकुणाच्या घरातल्या मुलाखती. तो दर आठवड्याला यायचा, मग यायचा थांबला. मी दोन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा तो नंबर बंद होता. माणूस ९० दिवसांत का येत नाही, हे त्या वर्षी त्या शहरात काम करणाऱ्या कुणालाही कळायला हवं होतं. मला कळलंही होतं. तरी शुक्रवार आला आणि मी अकरा कॅसेट गोल फिरवल्या. बारावी पिशवीत घालून घरी नेली. नोकरी जाईल म्हणून भ्याले होते आणि व्हिसा नोकरीवर होता, हे कारण खरं आहे, पुरेसं नाही.

सहज लिहिलेलं नाही. एकोणीस वर्षांच्या गोष्टी सांगताना ते वाक्य मी चार वेळा खोडलं होतं. बारावी फीत आता एका विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तीत एक माणूस स्वयंपाकघरात उभा राहून गोळ्यांचा डबा आवरतोय आणि विसाव्या मिनिटाला चित्र जातं.

प्र. माझे धाकटे काका अमेरिकेत होते. १९९२ मध्ये गेले. घरात ‘न्यूमोनिया’ एवढंच सांगितलं. त्यांच्या खोक्यात एक व्हीएचएस कॅसेट निघाली आहे. पाठीवर त्यांच्या अक्षरात ‘जून ८९’, आणि कडेचा प्लॅस्टिकचा छोटा दात मोडलेला, वाहतुकीत मोडला असेल. मी ही लावून बघू का? बघितलं तर घरात सांगू का? आजी अजून आहे.

उ. माळ्यावरून काढलेल्या जुन्या व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका. रबरं वितळलेली असतात, फीत गुंडाळून तोडेल. झाकण उघडून पाहा: पांढरी बुरशी, आंबूस वास किंवा चिकटपणा वाटला तर हात लावू नका, जाणकाराकडेच द्या. एक आणखी अडचण: अमेरिकेतली फीत एनटीएससी या, आपल्याकडच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीची असते, म्हणून तीही चालवू शकणारं यंत्र असलेला माणूस शोधा. तोवर पुस्तकासारखी उभी ठेवा, कोरड्या जागी, उन्हापासून लांब. पहिल्यांदा चालवाल तेव्हाच संगणकावर उतरवून घ्या, कारण दुसरी संधी मिळेलच असं नाही. आधी बघू आणि मग उतरवू, असं करू नका.

आत काय असेल? १९८९ चा जून म्हणजे न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधल्या समलिंगींच्या उठावाला वीस वर्षं. कदाचित न्यूयॉर्कचा मोर्चा असेल. कदाचित नुसता कुणाचा तरी वाढदिवस. जे असेल त्यात काकांबरोबर इतरही माणसं असतील, आणि त्यांच्यातली काही आज हयात असतील. म्हणून कुठेही टाकू नका, घरातल्या गटावर तर नाहीच. संग्रहाला द्यायची झाली, तर आधी बोला: कुणी बघायची, कधीपासून, नावं द्यायची की नाही. चांगले संग्रहवाले हे सगळं लिहून घेतात.

आजीचं. आधी तुम्ही एकट्या बघा. आजीला आजाराचं नाव सांगायची घाई करू नका. तुमच्या पत्रावरून वाटतं की ते तिला इतरांपेक्षा आधी कळलेलं असावं. काका हसताहेत असं एखादं दृश्य निघालं तर तेवढंच दाखवा, आवाज चालू ठेवून. ती काय विचारते ते ऐका. तिने विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या.

आणि तो मोडलेला दात. वाहतुकीत मोडला असेल, असं तुम्ही लिहिलंय. नाही. तो दात जागेवर असेपर्यंत कॅसेटवर दुसरं काही चढवता येतं. मोडला की यंत्र चढवायलाच नकार देतं. आमच्या दुकानात एखादी व्हीएचएस कायमची राखायची असली की आम्ही स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो उडवायचो. तुमच्या काकांनी तो स्वतः मोडलेला आहे.